पोचा भूकंपाचा आहे, हयगयीचा नाही

श्रोते हो, नमस्कार.

घरातली जुनी वस्तू विकायची असेल, तर तिचा फोटो काढून मोबाईलवर चार ओळींची जाहिरात टाकण्याची सोय आता सर्वांच्या हाताशी आली आहे, आणि या चार ओळींत माणसे काय काय लिहितात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. वस्तूंच्या किमतींविषयी मी फारसे बोलणार नाही. मी बोलणार आहे ते लिहिणाऱ्यांविषयी, आणि त्यांतही अशा लोकांविषयी, ज्यांना आपण काही विनोदी लिहीत आहोत याची कल्पनाही नव्हती.

सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या काही जाहिराती आधी ऐका. लिहिणारा ओळखू येऊ नये, म्हणून मजकुरात मी थोडा फेरफार केला आहे. एका भजनी मंडळाने आपली पेटी विकायला काढली होती. वर्णनात लिहिले होते, "पेटी उत्तम आहे, फक्त काळी चार बोलत नाही. ज्यांच्या मंडळात काळी चारमध्ये गाणारे कोणी नाही, त्यांनीच फोन करावा." काळी चार म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी. तिला सा धरून गाणे टाळले, तरी दुसरीकडे कोठे सा धरून गाताना तो स्वर लागणारच, हे पेटी वाजवणाऱ्यांना सांगायला नको, पण विकणाऱ्या मंडळाने इतकी वर्षे त्या स्वराला वळसा घालून भजने म्हटली असली पाहिजेत, आणि ती भजने कशी होत असतील, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. दुसऱ्या एका घरून प्रेशर कुकर आला होता: "शिट्टी नाही, परंतु शेजारच्या कुकरवरून अंदाज येतो." तिसऱ्या जाहिरातीत शिसवी पाळणा होता आणि खाली एकच वाक्य होते: "दोन मुलांना वापरला, आता तिसरे होणार नाही." हे वाक्य घरातल्या कोणी लिहिले असेल, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

पिंजऱ्याची जाहिरात मात्र मी जपून ठेवली आहे. "पोपटाचा पिंजरा विकणे आहे. पोपट परत आल्यास व्यवहार रद्द." या गृहस्थांना ठाऊक नसावे की, आपल्याकडचा हिरवा पोपट पिंजऱ्यात पाळणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि आपण जाहिरातीच्या नावाखाली स्वतःच्या फोन नंबरासह कबुलीजबाब लिहून दिला आहे. पोपट कायदा जाणत असावा, असे दिसते.

आणखी एक जाहिरात होती, ती वाचून मला हसू आले नाही. "दगडी उखळ मुसळासह विकणे आहे, मिक्सर घेतला." सोलापुरात राहून उखळ विकणे ही गोष्ट मला समजत नाही. शेंगा कुटून कुटून त्यांना तेल सुटावे लागते, तेव्हा चटणी होते. मिक्सरमधून निघतो तो तिखट लावलेला शेंगदाण्याचा कूट. माझे हे मत घरात कोणालाही मान्य नाही, म्हणून येथे सांगून घेतले.

आता हे लोक इतके मोकळेपणाने का लिहितात? कारण सरळ आहे. वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीला शब्दांवर किंवा ओळींवर पैसे पडत. "बाळ, असशील तेथून निघून ये, आई अंथरुणाला खिळली आहे, कोणी रागावणार नाही," ही जाहिरात देणारा बापसुद्धा शब्द मोजूनच देत असे. मोबाईलवरच्या घरगुती जाहिरातीला बहुधा पैसे पडत नाहीत, शब्द फुकट आहेत, आणि शब्द फुकट झाले की माणूस वस्तूची हकिकत सांगू लागतो. हे लक्षात ठेवा: शब्द फुकट झाले, आणि हकिकत सुरू झाली.

ही सुरुवात झाली १९९५च्या सुमारास अमेरिकेत. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये क्रेग न्यूमार्क नावाच्या गृहस्थांनी गावातल्या कार्यक्रमांची माहिती ओळखीच्यांना ईमेलने पाठवायला आरंभ केला आणि त्यातून पुढे क्रेग्सलिस्ट हे छोट्या जाहिरातींचे प्रचंड संकेतस्थळ उभे राहिले. त्याच वर्षी पिएर ओमिड्यार यांनी लिलावाचे संकेतस्थळ सुरू केले, जे आज ईबे म्हणून ओळखले जाते, आणि त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू होती एक बिघडलेला लेझर पॉइंटर. तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. वस्तू मोडकी आहे हे आपल्याला कळले आहे ना, असे ओमिड्यार यांनी घेणाऱ्याला विचारले, तेव्हा उत्तर आले की, मी मोडके लेझर पॉइंटरच जमवतो. म्हणजे मोडके विकणारा आहे तेथे मोडके हवे असणाराही आहे, ही गोष्ट या धंद्याच्या पायातच आहे.

कॅनडातल्या काईल मॅकडोनाल्ड या तरुणाने तर २००५च्या जुलैत एक लाल पेपरक्लिप अदलाबदलीसाठी जाहिरातीत टाकली. आपल्याकडे बोहारीण जुन्या लुगड्यांवर पातेले देते, तसाच हा व्यवहार. पेपरक्लिपवर माशाच्या आकाराचे पेन मिळाले, पेनवर दरवाजाची मूठ, मुठीवर कॅम्पमध्ये वापरायची शेगडी, असे करत करत गाडी ॲलिस कूपर या रॉक गायकाबरोबर एक दुपार घालवण्यापर्यंत पोहोचली. ती दुपार देऊन त्याने बर्फ उडणारा एक काचेचा गोळा घेतला, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढले. परंतु कॉर्बिन बर्नसेन या नटाला असे गोळे जमवण्याचा नाद होता आणि त्याच्याजवळ ते हजारोंनी होते. त्याने गोळ्याच्या बदल्यात चित्रपटातली एक भूमिका दिली, आणि किपलिंग नावाच्या लहानशा गावाने त्या भूमिकेच्या बदल्यात एक घर दिले. चौदा अदलाबदली, एक वर्ष, आणि पेपरक्लिपचे घर.

आपल्या देशातली सर्वांत मोठी विचित्र जाहिरात २०२० सालच्या एप्रिलमधली. केवडियाचा १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा कोणीतरी तीस हजार कोटी रुपयांना विक्रीस काढला होता, आणि कारण दिले होते रुग्णालये व वैद्यकीय साहित्यासाठी पैसे हवेत असे. पोलिसांत गुन्हा दाखल झाला. मला स्वतःला या जाहिरातीत फारशी गंमत वाटत नाही, कारण ती मुद्दाम केलेली आहे, आणि मुद्दाम केलेल्या विनोदाला पेटीच्या काळी चारची सर नाही.

ज्याला आपण काही विनोदी करत आहोत याचा पत्ताच नाही, त्याचे उदाहरण सांगायचे, तर ते एका हंड्याचे आहे. हे सर्व मी संबंधित काका-काकूंना विचारून सांगत आहे. नावे घेऊ नका, एवढीच त्यांची अट आहे.

काकांनी आयुष्यभर यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त ठेवणारा कारागीर, म्हणून काम केले. मागाचा आवाज ऐकून कोठला भाग झिजला आहे, हे सांगणारा माणूस. त्यामुळे विचारलेल्या प्रश्नाला अचूक उत्तर द्यायचे, कमी नाही आणि जास्तही नाही, हा त्यांचा स्वभाव. दोन वर्षांपूर्वी भवानी पेठेतले जुने घर सोडून ते जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये राहायला आले. फ्लॅटला माळा नाही. ज्या घराला माळा नाही, त्या घराला मी घर म्हणत नाही. पण ते राहू द्या. माळा नसल्यामुळे काकूंच्या माहेरचा तांब्याचा हंडा कोठे ठेवावा, हा प्रश्न आला आणि तो विकायचे ठरले. ज्या गावात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी येते, त्या गावात पाण्याचे भांडे विकायला काढणे हेच मुळात धाडस होते, आणि शेजारणींनी काकूंना तसे ऐकवलेही.

मुलाने पुण्याहून फोनवर सांगितले तसे काकांनी ॲप उघडले. पहिल्याच पानावर वर्ग निवडायचा होता. चष्मा जवळ नव्हता, बोट घसरले आणि हंडा गेला चारचाकी वाहनांत. काकांना हे कळले नाही. पुढचे पान उघडले आणि त्यावर प्रश्न आले. प्रश्न विचारले आहेत तर उत्तरे दिली पाहिजेत, म्हणून काका आणि काकू स्वयंपाकघरात टेबलाशी बसले.

पहिला प्रश्न, वर्ष कोणते. हंड्याच्या गळ्यावर टिंबाटिंबांनी काकूंच्या आईचे नाव आणि १९५२ हे साल घातलेले होते. परंतु ॲपमधली यादी इतकी मागे जात नव्हती, म्हणून यादी जेथे संपत होती ते वर्ष काकांनी निवडले. पुढचा प्रश्न, मालक कितवा. काका म्हणाले तिसरा, कारण पहिल्या सासूबाई, दुसऱ्या काकू, तिसरे आपण. काकू म्हणाल्या, "तुम्ही कधीपासून मालक झालात?" उत्तर गेले: दुसरा. मग इंधन. पेट्रोल, डिझेल, सीएनजी, एलपीजी आणि वीज, यांपैकी एक निवडल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हते. दिवाळीत अभ्यंगस्नानाचे पाणी या हंड्यात, गॅसच्या शेगडीवर तापवत असत, हे काकूंना आठवले. उत्तर गेले: एलपीजी. गिअर हाताचे की आपोआप, या प्रश्नाला दोघांनीही एकमताने हाताचे असे उत्तर दिले.

शेवटचा प्रश्न अवघड होता. एकूण किती किलोमीटर? जॉबर माणूस, अंदाजपंचे आकडा टाकणार नाही. काकूंच्या माहेरी आडापासून घर शंभर मीटरवर होते. रोज चार खेपा. जाताना हंडा रिकामा असतो, तेव्हा ते अंतर धरायचे की नाही, यावर थोडा वाद झाला. काकू म्हणाल्या, ट्रक रिकामा परत येतो तेव्हा मीटर बंद ठेवतात का? जाणे-येणे मिळून रोजचे आठशे मीटर, वर्षाचे दोनशे ब्याण्णव किलोमीटर, नळ येईपर्यंत वीस वर्षे. काकांनी लिहिले: ५,८४०.

मग वर्णनाची मोकळी जागा आली, आणि तेथे काकांनी जे लिहिले ते मी शब्दशः वाचून दाखवतो. "हंडा अस्सल तांब्याचा आहे. पंधरा लिटर पाणी राहते. डाव्या बाजूस पोचा आहे. पोचा भूकंपाचा आहे, हयगयीचा नाही. गळ्यावरील नाव खोडून मिळणार नाही. मोडीच्या भावाने मागणाऱ्यांनी फोन करू नये. दुपारी एक ते चार कोणीच फोन करू नये. किंमत रुपये ४,५००."

आता आपण ही जाहिरात दुसऱ्या बाजूने पाहा. दुसऱ्या मालकाची, एलपीजीवरची, जेमतेम सहा हजार किलोमीटर चाललेली चारचाकी साडेचार हजार रुपयांत मिळते आहे. दुपारी एक ते चारसुद्धा फोन थांबेना. तांब्याची आवड असणारे इतके लोक जिल्ह्यात आहेत, याचे काकांना समाधान वाटले.

बार्शीच्या एका तरुणाने फोटो पाहिला नव्हता आणि वर्णनही वाचले नव्हते. त्याने फक्त किंमत पाहिली होती. त्याचे आणि काकांचे बोलणे काकूंनी मला जसेच्या तसे सांगितले.

"काका, आवाज येतो का?"

"रिकामा असला तर येतो. भरल्यावर अजिबात नाही."

"कुठं गळती वगैरे?"

"एक थेंब गळत नाही. रात्रभर भरून ठेवा आणि सकाळी बघा."

"डेंट आहे का कुठं?"

"डाव्या बाजूला आहे."

"ॲक्सिडेंट झालाय का?"

"नाही हो. भूकंप."

यावर तो तरुण बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "लास्ट किती?" या देशात वस्तू कोणतीही असो, ती पाहण्याआधी, ती काय आहे हे कळण्याआधी, लास्ट किती हे विचारणारा माणूस प्रत्येक तालुक्यात आहे, आणि अशा माणसाला पहिली किंमत सांगण्यात काहीच अर्थ नसतो, असे माझे मत झाले आहे.

दुसऱ्या दिवशी एकाने हिंदीतून फोन केला. तो म्हणाला, मी लष्करात आहे, बदली झाली आहे, पाहायला येण्यास वेळ नाही, सौदा पक्का समजा. मी एक क्यूआर कोड पाठवतो, तो स्कॅन करून आपला पिन टाका की पैसे जमा होतील, वस्तू न्यायला आमचा ट्रक येईल. हंड्यासाठी ट्रक येणार हे ऐकून काकांना आदर वाटला, परंतु पोचा न पाहता माल देणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. पोचा आधी नीट समजून घ्या, असे सांगून त्यांनी ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेपासून सुरुवात केली. अनंत चतुर्दशीचे विसर्जन उरकून माणसे नुकतीच अंथरुणाला पाठ लावत होती, चार वाजायचे होते, आणि मोरीवरच्या फळीवरून हा हंडा खाली आला. किल्लारीकडे काय होऊन गेले आहे, हे तेव्हा सोलापुरात कोणालाच ठाऊक नव्हते. हंड्याच्या आवाजाने घर जागे झाले आणि मुलाला उचलून सगळी रस्त्यावर आली. ही हकिकत सांगायला काकांना वीस मिनिटे लागतात. बाराव्या मिनिटाला पलीकडून फोन बंद झाला आणि तो नंबर पुन्हा कधी लागला नाही.

हंडा शेवटी घेतला तो तुळजापूर रस्त्याला शेत असलेल्या एका गृहस्थांनी. हिवाळ्यात त्यांच्याकडे हुरडा खायला पाहुणे येतात आणि त्यांची ने-आण करण्यासाठी ते एक जुनी जीप शोधत होते. जीप शोधताना वाहनांच्या यादीत त्यांना हंडा दिसला. जाहिरात वाचून ते थेट घरी आले. त्यांनी हंड्यावर बोटांची टिचकी मारली, आत हात घालून कल्हई पाहिली, गळ्यावरचे नाव मोठ्याने वाचले आणि म्हणाले, "पोच्याचे पाचशे कमी करा." काका म्हणाले, "पोच्याचे पाचशे कमी होत नाहीत, वाढतात." गृहस्थ म्हणाले, "बरं, राहू दे. मी तांबटाकडून ठोकून सरळ करून घेतो." तोवर आत भाकरी थापत असलेल्या काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पोचा काढायचा असेल तर हंडा जागेवर ठेवा." त्यानंतर घासाघीस झाली नाही. साडेचार हजार रोख, पोचा तसाच ठेवायचा, नाव तसेच ठेवायचे, आणि जेवून जायचे, असा सौदा ठरला.

तो हंडा आता शेतातल्या मांडवाशी ठेवलेला आहे, आणि त्या गृहस्थांनी त्याच्या शेजारी पाटी लावली आहे. पाटीवर काकांचे वाक्य आहे, एक अक्षर न बदलता. माझ्या माहितीतली ही एकच जाहिरात आहे, जी वस्तू विकली गेल्यावरही लोक उभे राहून वाचतात. ॲपवरची जाहिरात काढून कशी टाकायची हे मात्र काकांना सापडले नाही, त्यामुळे बार्शीच्या त्या तरुणाचा पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन आला. एलपीजी किट कंपनीचे आहे की बाहेरून बसवलेले, एवढेच त्याला विचारायचे होते.

लष्करातल्या त्या तथाकथित माणसाविषयी मात्र दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण सर्वांनाच भूकंपाची हकिकत सांगता येणार नाही. श्रोते हो, आपल्या खात्यात पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पुन्हा सांगतो, पैसे येण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जातात. समोरचा स्वतःला जवान म्हणवो की अधिकारी, वस्तू न पाहता घ्यायला निघाला असेल आणि कोड पाठवतो म्हणत असेल, तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच असतील, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आता उरली गोष्ट फोटोंची. वस्तूपेक्षा वस्तूच्या मागे काय दिसते, हे पाहणारे लोक अधिक असतात, हे विकणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. सोफ्याच्या फोटोत वाळत घातलेले कपडे असतात, सायकलच्या फोटोत शेजाऱ्यांची भांडणे असतात, आणि एका टेबलफॅनच्या फोटोत मागे आजोबा गाढ झोपलेले होते, त्यांच्या अंगावर चादर होती, आणि खाली एकाने विचारले होते की चादर केवढ्याला देणार. पण सर्वांत धोक्याचे असते ते आरशाचे लोखंडी कपाट. कपाटाचा फोटो काढणारा माणूस फक्त कपाटाकडे पाहत असतो, आणि आरसा त्या माणसाकडे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरातले पुरुष दुपारी घरात कोणत्या वेशात असतात, हे आपणांस मी सांगायला नको. तेव्हा श्रोते हो, आरशाचे कपाट विकायचे असेल, तर मोबाईल हातात घेण्यापूर्वी सदरा घालावा, किंवा कपाट संध्याकाळी पडवीत नेऊन फोटो काढावा. नमस्कार.